विटांवरचं माहेर

आक्काच्या घरात सगळं विटांवर उभं होतं. पलंग विटांवर, कपाट विटांवर, फ्रिज विटांवर, देव्हारासुद्धा विटांवर. नवा माणूस घरात शिरला की आधी खाली बघायचा आणि मग आक्काकडे. आक्का लगेच म्हणायची, "काय बघालास? पांडुरंग विटेवर उभा राहिला तर तुमी हात जोडताव, आन् माजा फ्रिज उभा राहिला तर हसताव व्हय?" आणि स्वतःच मोठ्यानं हसायची. दर उन्हाळ्यात ती त्या विटा काढून धुवायची, अंगणात वाळवायची आणि पुन्हा जागच्या जागी लावायची. तेव्हा मला हाक ठरलेली. "शैले, ये गं, पलंगाला जरा हात लाव."

मी तिची शेजारीण. लग्न होऊन सोलापुरात आले ती या बोळात, आणि अजून इथंच आहे. जुन्या पेठेतला बोळ आमचा, मुख्य रस्त्यापेक्षा चांगला हातभर खाली. पूर्वी म्हणे खाली नव्हता. पण रस्ता नवा करायचा म्हणजे जुन्याच्या डोक्यावर आणखी एक थर ओतायचा, ही आपल्याकडची रीत. रस्ता चढत गेला, घरं होती तिथंच राहिली. खालची ड्रेनेजची लाईन तर आमच्या सासऱ्यांच्या लहानपणची. जोराचा पाऊस झाला की ती भरते, चेंबरचं झाकण थडथडायला लागतं, आणि आपण घरातून घालवलेलं सगळं मोरीच्या भोकातून आपल्याला भेटायला परत येतं. त्या वासाचं काय सांगू! ज्यांनी घेतलाय त्यांना सांगायला नको, आणि ज्यांनी घेतला नाही त्यांना सांगून कळायचं नाही.

आक्का बुटकी, रुंद हाडाची, कपाळावर गोंदण, आणि आवाज असा की बोळाच्या टोकाला भाजीवाला थांबायचा. नवरा मिलमध्ये होता, मिल बंद पडली आणि मागोमाग तोही गेला. मूलबाळ नव्हतं. आक्का कडक भाकरी आणि शेंगांची चटणी करून विकायची. तिची भाकरी पापडासारखी मोडायची आणि महिनाभर टिकायची. फक्त पावसाळ्यात धंदा बसायचा, कारण घरात ओल आणि ओलीत भाकरी कडक राहात नाही. "लाईन झाली की बघ," ती म्हणायची, "बारा म्हैने भट्टी पेटवते का न्हाय."

'लाईन झाली की', म्हणजे ड्रेनेजची नवी लाईन पडली की, हे तिचं पालुपद. मोरीच्या फरश्या उखडल्या होत्या, त्या लाईन झाली की बसवायच्या. भिंतीचा गिलावा कमरेपर्यंत गळून पडला होता, तो लाईन झाली की करायचा. डोळ्याचं ऑपरेशनसुद्धा तिनं लाईनीवर ढकललं होतं. मी म्हटलं, "आक्का, डोळ्याचा आणि ड्रेनेजचा काय संबंध?" तर म्हणाली, "आगं, पट्टी बांधून पडले आन् पाणी आलं तर? मला कोन उचलणार, तू?" खरं सांगायचं तर आमच्या अख्ख्या बोळानंच संसार असा टांगून ठेवला होता. दिवाळीला रंग नको, रस्ता खणणारच आहेत. दाराला नवी चौकट नको, पायरी उंच करावी लागेल. वर्षानुवर्षं हेच. एखादी गोष्ट उद्या होणार म्हटलं की माणूस आजचं काही करत नाही, आणि तो उद्या येतच नाही.

पण या सगळ्यापेक्षा मोठी एक गोष्ट आक्कानं लाईनीवर टांगली होती. ती म्हणजे तिची धाकटी बहीण, कुसुम.

आईवडील लवकर गेले, म्हणून आक्कानं या बहिणीला आपल्या सासरी आणून वाढवलं. वेण्या घातल्या, शाळेत घातलं, आणि याच दारातून अकलूजला दिली. ऊसवाल्यांचं घर, माणसं बरी. कुसुमला माहेर म्हणजे आक्काचं हे घर, दुसरं कुठलं नाही. आमच्याकडे माहेराला जायचा खरा सण म्हणजे नागपंचमी. झोके बांधायचे, बांगड्या भरायच्या, बायकांनी फेर धरायचा, पुरणाची दिंडं उकडायची. आता पंचमी येते श्रावणात. आणि श्रावणात आमच्या बोळात काय येतं ते मी वर सांगितलंच आहे.

कुसुमच्या लग्नानंतर सुरुवातीच्याच एका पंचमीला ती सासूला घेऊन आली. आक्काला कोण आनंद! पाट मांडले, रांगोळी काढली, पानात दिंडं वाढली, तुपाची वाटी फिरली. आणि पहिला घास घेईतो मोरीतून पाणी आलं. आधी थोडं, मग भसाभसा. रांगोळीवरून पाटापर्यंत. कुसुमची सासू उठली, नऊवारीचा काठ हातात धरून पलंगावर चढून बसली. वाईट काही बोलली नाही बिचारी. जाताना फक्त म्हणाली, "कुसुमच्या आक्का, तुमच्या हितं लई हाल हायेत हो." तिनं कीव केली, आणि तेच आक्काला लागलं. भांडली असती तर आक्कानं दोन शब्द ऐकवून विषय संपवला असता. त्या दिवशी ओली रांगोळी खराट्यानं ढकलता ढकलता ती मला म्हणाली, "शैले, कोरड्या फरशीवर पाट मांडीन तवाच कुसीला पंचमीला बोलवीन. तोवर न्हाय."

कुसुम उन्हाळ्यात यायची दोन दिवस, लग्नाकार्याला यायची. पण पंचमीला नाही. पंचमीला माहेर पार्सलनं जायचं. आक्का एसटी स्टँडवर जाऊन अकलूजकडे निघालेलं ओळखीचं कुणीतरी गाठायची आणि त्याच्या हाती पिशवी द्यायची. पिशवीत बांगड्या, लुगडं, शेंगांची पोळी, लाह्या. दुपारी कुसुमचा फोन यायचा. आक्काचा फोन म्हणजे सगळ्या बोळानं ऐकायचा, त्यामुळे कुसुमचा आवाजही माझ्या ओळखीचा झाला होता.

"आक्का, मी येऊ का गं? मला चालतंय पानी. मी काय साखरेची हाय का?"

"गप बस. लाईन झाली की बोलावते."

"माजी पोरगी लग्नाला आली, तरी तुजी लाईन होईना."

"मंजूर झालीया. सायेब सांगून गेलाय."

हा साहेब दरवेळी नवा असायचा. येणारे साहेब वाईट नव्हते, हेही सांगते. एखादा तर पाय घोट्यापर्यंत घाणीत घालून उभा राहिला आणि मान हलवत म्हणाला, मावशी, हे मला बघवत नाही. पण तो वर कागद पाठवायचा, कागद फिरून येईतो त्याची बदली व्हायची, आणि नवा साहेब पुन्हा पहिल्यापासून मान हलवायला यायचा. आक्का प्रत्येकाला चहा द्यायची, तोही विटांवरच्या खुर्चीत बसवून. भूमिपूजनाचा नारळ तर आमच्या बोळात इतक्यांदा फुटला की आक्का म्हणायची, "आता लाईन ऱ्हाऊ द्या, खोबऱ्याच्या वड्यांचा धंदा काडते."

एकदा मात्र खरंच मोजणी झाली. दोन माणसं आली, टेप धरला आणि बोळाच्या मधोमध पांढरी फक्की मारून गेली. इथून खणायचं, म्हणाले. आक्कानं त्या फक्कीची जी राखण केली, ती मी जन्मात विसरणार नाही. सकाळी सडा घालायची तो फक्कीच्या अलीकडे आणि पलीकडे. झाडणारीला ताकीद, पट्टा सोडून झाड. बोळातून सायकल आली की आतूनच ओरडायची, "उचलून घे बे, उचलून! फक्की पुसली तर परत मोजायला कोन येणार, तुजा बाप?" मग पाऊस आला, पाणी आलं आणि फक्की गेली. आक्का गप्प बसली का? पाणी ओसरल्यावर तिनं घरातली रांगोळी घेतली आणि आठवेल तशी ती रेघ पुन्हा ओढली. पुढच्या साहेबानं विचारलं, "ही लाईन कुणी आखली?" आक्का म्हणाली, "तुमच्याच मान्सांनी. पुसली व्हती, मी गिरवली." साहेब म्हणाला, "पण मावशी, आता ती डाव्या बाजूनं जाणार आहे." आक्कानं त्याला चहा दिला. तो गेल्यावर पायरीवर बसून आम्ही दोघी हसलो आणि हसता हसता तिच्या डोळ्यांना पाणी आलं.

आता जे घडलं ते सांगताना माझा जीव अजून कासावीस होतो. एका वर्षी जेसीबी आला. खरा, पिवळा, धूर सोडणारा. अख्खा उन्हाळा त्याला सवड नव्हती, आणि आला कधी, तर श्रावणात, ऐन पंचमीच्या सकाळी! बोळाच्या तोंडाशी पाईप उतरवलेले. आम्ही बायका वारुळाच्या पूजेहून परतत होतो, हातात ताटं. आक्कानं मशीन बघितलं आणि क्षणभर तिचा चेहरा असा उजळला की काय सांगू. दुसऱ्याच क्षणी ती मशीनपुढे हात आडवे करून उभी राहिली.

"आज न्हाय खणायचं. आज पंचमी हाय."

तुम्ही आमच्यातले असाल तर समजावून सांगायला नको. पंचमीला चिरायचं नाही, तळायचं नाही, आणि जमीन तर अजिबात खणायची नाही. नागाला लागतं. मुकादम भला माणूस, गावाकडचाच. त्यानं मशीन बंद केलं, आमच्या ताटातल्या नागाच्या चित्राला नमस्कार केला आणि म्हणाला, "बरं आक्का. सणाचा दिस हाय. उद्या येतो की." आम्हीही सगळ्या माना डोलावल्या. एकीलाही वाटलं नाही की खणू द्यावं. आक्कानं मुकादमाला दिंडं बांधून दिली.

उद्या तो आला नाही. मशीन दुसऱ्या कामावर गेलं. मग पावसाची झड लागली, मग कामाची मुदत संपली, मग ठेकेदार आणि ऑफिस यांच्यात काहीतरी बिनसलं. पाईप तेवढे बोळाच्या तोंडाशी पडून राहिले. त्यांच्यात कुत्री व्यायली, वेल चढले. आक्का भाकरी द्यायला निघाली की त्या पाईपांवरून हात फिरवून जायची. कुणी तिला दोष दिला नाही. पण तिनं तो स्वतःला दिला, आणि कुणालाही न सांगता दिला.

त्यानंतर कुसुम आजारी पडली. पोटाचं दुखणं, अंगावर काढलेलं. आक्का अकलूजला जाऊन आली आणि आल्यावर माझ्या ओट्यावर नुसती बसून राहिली. मी पाणी दिलं. ते हातात धरून म्हणाली, "कुसी म्हणली, आक्का, यंदा मी पंचमीला येनार बरं का, पानी असू दे न्हायतर काय बी असू दे. आन् शैले, माज्या तोंडातनं काय निघालं सांगू? लाईन झाली की ये म्हणले. सवय गं बाई, नुसती सवय! ती हसली. म्हणली, व्हऊ दे तुजी लाईन, मी कुटं पळून चाललेय."

आषाढात कुसुम गेली.

दिवस करून आक्का परत आली ती निम्मी होऊन. रडली नाही, निदान माझ्यासमोर नाही. एकदाच बोलली. पाईपांकडे बघत बसली होती आणि एकदम म्हणाली, "मी नागाचं बघितलं, शैले. कुसीचं न्हाय बघितलं." मी तिचा हात धरला. नागाला लागू नये म्हणून मीही तिथं ताट घेऊन उभी होते.

वर्षानं पुन्हा पंचमी आली. आदल्या दिवशी पाऊस धो धो झालेला, बोळात काळं पाणी, झाकण थडथडतंय. सकाळीच आक्काचा फोनवरचा आवाज ऐकला. कुसुमची लेक रेखा, माळशिरसला दिलेली, तिच्याशी बोलत होती. "ये गं बाय. तुजं म्हायेर आता हितंच. व्हय, पानी हाय की, भरपूर हाय. लाईन न्हाय झाली आन् व्हायची बी न्हाय. तू तशीच ये." फोन ठेवला आणि हाक आली, "शैले, ये गं, पलंगाला हात लाव."

मी गेले तर ही पलंगाखालच्या विटा काढत होती. मी म्हटलं, "आगं आक्का, हे काय? घरात पाणी आहे, पलंग भिजेल!" "भिजू दे." पलंगाच्या काढल्या, कपाटाच्या काढल्या. फ्रिज रिकामा करून दोघींनी तिरका धरला आणि त्याच्याही काढल्या. देव्हाऱ्याला हात घातला तेव्हा मात्र मी अडवलं. ती म्हणाली, "देवाला काय हुतंय? जरा येळ पान्यात उभा राहील." सगळ्या विटा तिनं टोपलीत घातल्या आणि मुख्य रस्त्यापासून तिच्या दारापर्यंत पावलापावलावर मांडल्या. बोळातल्या बायका आधी नुसत्या बघत राहिल्या, मग आपापल्या घरातल्या विटा घेऊन आल्या. त्या वर्षी आमच्या बोळातलं सगळं सामान पाण्यात उतरलं.

रेखा आली. आक्का स्वतः पाण्यात उभी, एका हातानं रेखाला धरून, आणि रेखा एकेका विटेवर पाऊल टाकत येतेय, अगदी कुसुमसारखी मान वाकडी करून. दारात आल्यावर आक्कानं तिच्यावरून भाकरतुकडा ओवाळला. पलंगावरच पाट मांडला, तिथंच दिंडं वाढली. रेखा म्हणाली, "मावशे, आई म्हणायची, आक्काच्या घरात पाय वर घेऊन जेवायला लई मजा येती." आक्का तिच्याकडे बघतच राहिली. मग पदर तोंडाला लावून ती जी रडली, ते सगळ्या बोळानं ऐकलं. इतकी वर्षं कुसुमला त्या पाण्याची लाज वाटलीच नव्हती. लाज आक्काला वाटत होती.

पुढच्या काही पंचम्या तशाच झाल्या, विटांवरून. मग एका थंडीत आक्का गेली, फार आजारी न पडता. डोळ्याचं ऑपरेशन राहिलं ते राहिलंच. घर रेखाच्या नावावर केलं होतं आणि किल्ली माझ्याकडे ठेवली होती. सामान अजून तसंच आहे, विटांसकट. मी अधूनमधून उघडून झाडून घेते.

यंदा पुन्हा मशीन आलंय. नवे पाईप, नवा ठेकेदार, नवा साहेब, तोही चांगला वाटतो. चौकातल्या मोठ्या लाईनीला आमची लाईन कधी जोडणार, विचारलं तर म्हणाला, तो पुढचा टप्पा आहे. आता पुढच्या टप्प्याचं कुणी बोललं की मला नुसती जांभई येते. पण खणायला सुरुवात झाली हे खरं, आणि झाली ती श्रावणातच. चर आक्काच्या दारापाशी पोचला आणि पोरसवदा मुकादम घाम पुसत म्हणाला, "मावशी, उद्या पंचमी हाय. तुमच्याकडं खणत न्हाईत म्हणं. मशीन परवा आणतो की."

माझ्या मागं दोन-तीन जणी उभ्या होत्या. त्यांनी माना डोलावायला सुरुवातही केली होती.

"न्हाय," मी म्हटलं. "उद्याच खणा."

"आगं शैला, पंचमीला?" मागून कुणीतरी म्हणालं.

"पंचमीलाच. पाप लागलं तर माझ्या एकटीला लागू दे."

सकाळी मशीनचा आवाज आला. मी उठले आणि रेखाला फोन लावला. म्हटलं, निघालीस का, चरावर फळी टाकलीय, सांभाळून ये. मग आक्काचं कुलूप उघडलं, तिच्या भिंतीवर गंधानं नाग काढला, लाह्या-दूध ठेवलं. बाहेर जमीन हादरत होती. मी हात जोडले आणि म्हटलं, बाबा, आजच्या दिवस जरा सरकून बस. आमच्या आक्काचं काम आहे.